नावाभोवतीचे दंड

दसऱ्याच्या सकाळी अनंतबुवा कवठेकरांनी देवघरातून आपला आवाज उचलला, डोळ्यांना लावला आणि कानामागे बसवला.

आवाज म्हणजे सुपारीएवढं एक यंत्र. खंडेनवमीला घरातली हत्यारं देवापुढे मांडायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, हा सांगलीतल्या या घराचा जुना रिवाज. कीर्तनकारांच्या घरात तलवारी कुठून असणार? इथली हत्यारं म्हणजे झांजा, चिपळ्या, पेटी, आणि गेल्या काही वर्षांपासून हा कंठमणी. काल त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं, खिरीचा नैवेद्य मिळाला. बुवा दिवसभर मुके राहिले, आणि तेही मजेत. जो माणूस बाराही महिने बोलण्याचीच सेवा करतो, त्याला एक दिवस गप्प बसायला मिळालं तर तो सणच की.

बुवांनी कळ दाबली. जागं झाल्यावर यंत्र आधी स्वतःच बुवांच्या आवाजात रामनाम घेई आणि मग बुवांना बोलू देई. आज नाम आलं नाही. कडेचा दिवा लाल झाला आणि तसाच राहिला. बुवांनी बायकोकडे पाहून ओठ हलवले. शैलजाकाकूंना नुसते ओठ दिसले.

"चार्ज उतरला असेल," काकू म्हणाल्या.

त्यांची मुलगी मृण्मयी सणाला पुण्याहून आली होती. बिनचालकाच्या एसटी बसचा मेंदू जी मंडळी सांभाळतात, त्यांतली ती एक. तिने कंठमणी लॅपटॉपला जोडला, थोडा वेळ पडद्यावरचे आकडे वाचले आणि सावकाश विचारलं, "आई, काल हा बंद कोणी केला?"

"मी. का गं?"

"कधी?"

"पूजेच्या वेळी. बारीक निळा दिवा सारखा लुकलुकत होता. देवापुढे समई असताना हा आणखी कशाला मिचमिच करतोय, म्हणून कळ दाबून ठेवली."

"तो अपडेट चालू असल्याचा दिवा होता. बंद करू नका, असा मोबाइलवर निरोप पण आला होता."

काकूंचा चेहरा उतरला. "मोबाइल पण पूजेत होता," त्या म्हणाल्या.

बुवांनी पाटी ओढली. उजवा हात अधू, म्हणून डाव्या हाताने लिहिलं, 'देवाला अपडेट मिळाला.' आणि हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, तेवढं सोडलं तर नेहमीचंच हसणं.

बुवांची वाचा चार वर्षांपूर्वी पक्षाघाताने गेली. डोकं शाबूत होतं, गळा शाबूत होता, मधली वाट तुटली होती. मेंदू जिभेला, ओठांना, कंठाला हुकूम सोडत राहिला आणि ते हुकूम वाटेतच विरत राहिले. मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूच्या त्या भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी तारांची जाळी ठेवली. जाळी हुकूम वाचते, कानामागचं यंत्र त्यांचा अर्थ लावते आणि गळ्यात ताईतासारख्या घातलेल्या चपट्या स्पीकरमधून आवाज काढते. पण प्रत्येक माणसाच्या मेंदूची हुकूम द्यायची तऱ्हा निराळी. म्हणून यंत्राला ती एकेका अक्षराने शिकावी लागते. जे शिकतं, त्याला नकाशा म्हणतात.

कंपनीने यंत्र बोलण्यासाठी केलं होतं, गाण्यासाठी नव्हे. सूर हा त्याच्या लेखी खरखरीचा प्रकार होता. बुवा मात्र रोज पहाटे उठून मनातल्या मनात षड्ज लावायचे. आधी स्पीकरमधून गुरगुर आली, मग भुंग्यासारखं काहीतरी आलं, आणि दुसऱ्या वर्षी एका सकाळी अख्ख्या पदाची ओळ आली. ते ऐकायला मिरजेहून डॉक्टर आले, कंपनीची माणसं आली, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. एवढा अभिमान त्या गल्लीला गणपतीच्या पहिल्या बक्षिसाचाही झाला नव्हता.

तो नकाशा यंत्रात आजही जसाच्या तसा होता. हरवलं होतं ते निराळंच.

यंत्र बंद असतं तेव्हा ते सगळं विसरलेलं असतं; आपण कोण हेही त्याला ठाऊक नसतं. चिपमध्ये कोरलेला एक इवलासा प्रोग्राम तेवढा असतो, आणि पुढच्याला कुठे जाऊन हाक मारायची इतकंच तो जाणतो. तो उठून दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि असं करत करत सगळं घर जागं होतं. या उठवणाऱ्यांना बूट फायली म्हणतात. कीर्तनात नमन व्हावं, नमनातून पद यावं, पदातून निरूपण, तसाच हा क्रम. नमनच झालं नाही तर बुवा, पेटीवाले, तबलजी, श्रोते सगळे जागच्या जागी बसून राहतील. कंठमणीतल्या बूट फायली काल अर्ध्या नव्या लिहून झाल्या आणि अर्ध्या जुन्या राहिल्या.

"मग नव्या पूर्ण लिही की," काकू म्हणाल्या.

"लिहिल्या तर यंत्र उठेल. पण नकाशा उघडणार नाही." मृण्मयीने आईला जवळ बसवलं. "कुणी दुसऱ्याचा आवाज चोरू नये म्हणून नकाशा कुलपात असतो. त्याची किल्ली कुठेच ठेवलेली नसते. यंत्र दर वेळी उठताना बूट फायलींचं अक्षर न् अक्षर मोजून ती नव्याने घडवतं. एक काना इकडचा तिकडे झाला की किल्ली बदलली. अपडेट पुरता झाला असता तर त्याने शेवटी कुलूपही बदललं असतं. तिथवर तो पोचलाच नाही. म्हणजे कुलूप जुनं आहे, आणि जुन्या फायली हव्यात. अगदी होत्या तशा."

कंपनीच्या मदतकेंद्रावर फार गोड आवाजाची बाई होती. ती बाई नव्हतीच म्हणा. "जुनी आवृत्ती सुरक्षेच्या कारणाने मागे घेतली आहे," ती म्हणाली. "आम्ही बुवांना कारखान्यातला मूळ आवाज विनामूल्य बसवून देऊ. तो पुष्कळांना स्वतःच्या आवाजापेक्षा अधिक आवडतो."

"जुन्या फायली नुसत्या वाचायला द्या," मृण्मयी म्हणाली.

"त्या फायली कंपनीच्या मालकीच्या आहेत."

"आणि आवाज?"

यावर गोड आवाजाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मिरजेच्या डॉक्टर इनामदारबाईंनी मात्र सरळ सांगितलं. वसंतात बुवांना आणखी एक लहानसा झटका आला होता. तेव्हापासून त्यांच्या मेंदूचे हुकूम मंदावले होते, पण मेंदू आणि नकाशा हातात हात घालून चालत असल्याने ते कुणाला जाणवलं नव्हतं. "नवं यंत्र नव्याने शिकेल," त्या म्हणाल्या. "बोलणं येईल. गाणं येईल असं मी खोटं नाही सांगणार."

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "कुठलाही आवाज बसव गं, पण त्यांना बोलू दे. माझ्या हाताने झालंय हे."

बुवांनी पाटीवर लिहिलं, 'परक्या आवाजात हाक मारली तर राम ओळखेल. मी नाही ओळखणार.'

मृण्मयीने कंठमणी वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं: जुनी आवृत्ती कुणाकडे आहे का? उत्तरं आली, सगळी हळहळीची. दोन दिवसांत अपडेट आपोआप जिथे तिथे जाऊन बसला होता. जुनी प्रत जगातून नाहीशी होत चालली होती, आणि अपडेट नीट पार पडल्याने आपापल्या जुन्या आवाजातच लोक ते सांगत होते.

दुपारी एक ध्वनिनिरोप आला. लावला तसा घरातला पोपट दचकला.

"ताई, मी तात्या मगदूम बोलतुया, कुस्ती निवेदक. मी अपडेट घेत न्हाई. मागल्या बारीला घेतला, तर माजा आवाज ब्यांकेतल्या बाईगत झाला. पैलवानाला आत या म्हटलं तर त्यो पासबुक काढाय लागला. दवाखान्यात भांडून जुना आवाज घालून घेतला आन तवापास्नं नेटच बंद ठेवलंय. हा निरोप नातीच्या फोनवरनं धाडतुया. या घरी."

*

तात्यांची वाडी कुरुंदवाडच्या पलीकडे. एसटीला चालक नव्हता, पण कंडक्टर होता, आणि सुट्या पैशांवरून तो पूर्वीसारखाच कुरकुरत होता. मृण्मयी, बुवा आणि काकू उतरले तेव्हा तात्या फाट्यावरच उभे होते. एका पायाने अधू, पण खांदे अजून दारात मावणार नाहीत असे. गळ्यातल्या चपट्या स्पीकरमधून येणारा आवाज अख्ख्या शिवाराला पुरेल इतका.

"बुवा, नरसोबाच्या वाडीला तुमचं कीर्तन ऐकलंय," तात्यांनी वाकून पाया पडत म्हटलं. "लढाईचा प्रसंग लावला हुता तुमी. मनात म्हटलं, हा मानूस आमच्या मैदानात पायजे हुता."

बुवांनी छातीवर हात ठेवला.

घरात चहा झाला. लॅपटॉप, बारीक तारांचा चिमटा आणि बुवांचा मणी चटईवर मांडून मृण्मयीने तात्यांचा मणी न काढता नुसता तपासला. आवृत्ती तीच होती. आता तिला पुढचं बोलावं लागलं.

"तात्या, आधी एक ऐकून घ्या. या फायली फक्त यंत्र उठतं त्या क्षणी वाचता येतात. म्हणजे तुमचा मणी बंद करून परत उठवावा लागेल."

"मग उटीव."

"तुम्ही तो कधी बंद केला होता?"

"कशाला करतोय? दवाखान्यात घातल्यापास्नं चालूच हाय."

"तीच भीती आहे. बहुतेक उठेल. पण इतकी वर्षं न झोपलेलं यंत्र कधी कधी झोपलं की उठत नाही. तसं झालं तर मला काही करता येणार नाही. जुनी प्रत तुमच्याशिवाय कुणाकडे राहिलेली नाही."

काकूंनी मुलीकडे पाहिलं. एवढं सगळं सांगायचं होतं का, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. तात्यांनी भिंतीकडे पाहिलं. परवा गावच्या यात्रेचं मैदान होतं, हे भिंतीवरच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि तळाशी 'निवेदक' म्हणून त्यांचंच नाव होतं.

बुवांनी पाटी उचलली. 'चला. घरी.'

"बाबा, थांबा."

'दुसऱ्याचा कंठ पणाला लावून मला नाम नको.'

"त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही."

'ठरवायची वेळच का आणावी?'

"कारण त्यांनी आपण होऊन बोलावलंय. तुम्ही त्यांच्या वतीने नाही म्हणणं हाही त्यांचा आवाज काढून घेणंच आहे."

बुवांनी पाटी पुसली. बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. असं दोघांमध्ये क्वचितच होई, कारण एरवी बुवा बोलत आणि ती ऐके.

"बुवा," तात्या म्हणाले, "ही बरोबर बोलतीया. मला बोलता येतंय की आजून." मग ते मृण्मयीकडे वळले. "ताई, एक सांग. गोड बोलून मणी बंद केला आसतास, तर मला काय कळलं आसतं?"

"काहीच नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"कळलं नसतं म्हणूनच."

तात्यांनी मान डोलावली, पैलवानाची खडाखडी बघताना डोलवावी तशी. "हे बग. आज माज्याकडं एकच प्रत हाय. उद्या माजा मणी आपसूक मेला, तर मी कुणाच्या दारात जायाचं? बुवांच्याकडं एक आसली, तर माजीबी सोय झाली. ही काय मेहेरबानी न्हवं. कुस्ती बरोबरीची हाय." आणि त्यांनी आत हाक दिली, "अगं ऐकलंस का? मी जरा गप बसतुया. तवर काय बोलायचं ते बोलून घे."

आतून बाईंचा आवाज आला, "तेवढ्यात न्हाई मावायचं."

मृण्मयीने कळ दाबली. दिवा विझला. इतका वेळ घरभर भरलेला तो आवाज नाहीसा झाला, आणि शेजारच्या गोठ्यातली घंटा एकदम जवळ आल्यासारखी वाटली. तात्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. स्वयंपाकघरातून त्यांची बायको बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

चिमटा बसला. मृण्मयीने पुन्हा कळ दाबली.

लाल. लालच. पडद्यावर एकही ओळ नाही. बुवांनी डोळे मिटून घेतले. मग दिव्याचा रंग पिवळा झाला, पडद्यावरून अक्षरांची धार वाहायला लागली आणि तात्यांच्या गळ्यातून, त्यांनी ओठ हलवण्याआधीच, गर्जना झाली: "जय बजरंगबली."

पाठोपाठ तात्यांनी स्वतः विचारलं, "उटला काय?"

"उठला," मृण्मयी म्हणाली.

"आवाज कसा हाय?"

"तसाच," त्यांची बायको म्हणाली. "वाईच कमी झाला आसता तरी चाललं आसतं." आणि डोळे टिपत आत गेली.

आता वाचलेल्या फायली बुवांच्या मण्यात लिहायच्या. मृण्मयीने लिहिल्या, मणी बुवांच्या कानामागे बसवला, कळ दाबली. लाल, पिवळा, हिरवा. काकूंनी हात जोडले. बुवांच्या गळ्यातून अतिशय गोड, मंजुळ आवाजात शब्द आले: "जय बजरंगबली."

तात्यांनी बुवांच्या मण्याकडे बोट केलं.

"हीच," तात्या म्हणाले. "हीच ती ब्यांकेतली."

काकू हसता हसता रडायला लागल्या. मृण्मयी मात्र हसली नाही. नकाशा कुलूपबंद, असं पडद्यावर लिहिलेलं होतं. यंत्र उठलं होतं ते कारखान्याच्या आवाजात आणि तात्यांच्या देवाचं नाव घेऊन. म्हणजे उठल्यावर म्हणायचं नाम बूट फायलींतच होतं. बाकी फायली सगळ्यांच्या सारख्या, पण ही एक ओळ ज्याची त्याची, आणि किल्ली घडायला तीसुद्धा मोजली जात होती.

"बाबा, दवाखान्यात पहिल्या दिवशी नाम तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

बुवांनी मान हलवली आणि पाटीवर लिहून दाखवलं: श्रीराम जय राम जय जय राम.

रोज सकाळी घराने ऐकलेलं नाम. मृण्मयीने तात्यांची ओळ काढून ही घातली. मणी उठला, मंजुळ आवाजाने रामनाम म्हटलं, नकाशा कुलूपबंद. पडद्यावर एक नवी ताकीद आली होती. चोर किल्ल्या लावून बघतो आहे असा यंत्राला संशय आला, की काही चुकांनंतर ते नकाशा कायमचा मिटवून टाकतं. तिने 'श्री' आणि 'राम' तोडून लिहिलं. मंजुळ आवाज, कुलूप. ताकीद आता लाल अक्षरांत होती: शेवटचा प्रयत्न.

तिने कळफलकावरून हात काढले.

नाम कानाला ठाऊक होतं. पण यंत्र कानाने मोजत नाही, लिहिलेल्या अक्षरांनी मोजतं. कानाला न लागणारं, पण लिहिताना हात सोडणार नाही, असं काय असतं? तिने तात्यांची मूळ फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर अक्षरं नव्हती, त्यांचे आकडे होते. ती बोट ठेवून मोजत गेली. 'ज'च्या आधी दोन आकडे जास्तीचे होते. शेवटीही दोन.

"तात्या, तुमच्या नामाच्या आधी आणि नंतर हे काय आहे?"

तात्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. "काय आसनार? दंड आस्तील."

"दंड?"

त्यांनी सवयीने आपला बाहू ठोकला आणि मग हवेत बोटाने उभ्या रेघा ओढल्या. "हे न्हवं, हे. दोन हिकडं, दोन तिकडं. नात लिवत हुती, तिला मीच म्हटलं, देवाचं नाव उगडं ठिवू नगंस."

मृण्मयीने वळून वडिलांच्या पाटीकडे पाहिलं. तिथलं नाम उघडं होतं. बापाने मुलीला माहिती सांगितली होती, म्हणून उघडं होतं. लग्नपत्रिकेवर, कीर्तनाच्या फलकावर, देवघराच्या चौकटीवर त्यांनी आयुष्यात ते कधीच तसं लिहिलं नव्हतं, आणि तिने स्वतः ते कधी लिहिलंच नव्हतं.

तिने पाटी बाजूला ठेवली आणि आपला फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. "बाबा, मला सांगू नका. मी इथे नाहीच असं समजा. त्या दिवशी पलंगावर बसून फोनवर लिहिलंत तसं लिहा."

बुवा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना उमगलं. डावं बोट कळफलकावर फिरलं. जोड दंडाची कळ त्यावर नव्हती. त्यांनी साधा दंड दोनदा दाबला. मग नाम, एकेक अक्षर, घाई न करता. मग पुन्हा दोनदा दंड. लिहून झाल्यावर त्यांनी फोन कपाळाला लावला आणि परत दिला.

।।श्रीराम जय राम जय जय राम।।

मृण्मयीने त्यातलं काहीच हाताने उतरवलं नाही. होतं तसं उचललं, होतं तसं फायलीत ठेवलं. "कळ तुम्ही दाबा," ती म्हणाली.

बुवांनी काकूंचा हात धरला, त्यांचं बोट कळीवर ठेवलं आणि दाबलं.

लाल झालं, पिवळं झालं. हिरवा दिवा लागला, आणि वाडीतल्या त्या खोलीत अनंतबुवा कवठेकरांच्या आवाजात, थोडा घोगरा, थोडा नाकातला, चाळीस वर्षं देवळांच्या खांबांवर आपटून घट्ट झालेल्या त्या आवाजात रामनाम उमटलं. मग बुवांनी ओठ हलवले, आणि शब्द आले.

"शैला, पुढच्या वर्षी फोन तेवढा पूजेत ठेवू नकोस."

काकूंनी बुवांच्या गळ्यातला तो चपटा स्पीकर पदराने पुसला आणि पुसतच राहिल्या.

बुवा उठले, तात्यांच्या समोर गेले आणि कीर्तनाच्या मध्यंतरात दुसऱ्या बुवांना भेटावं तसे त्यांना उराउरी भेटले. दोघांचे स्पीकर एकमेकांवर आपटून किरकिरले.

"सोडा, बुवा," तात्या म्हणाले. "दोघंबी बंद पडू."

*

परवाच्या मैदानाला आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली. तांबड्या मातीवर ताक आणि लिंबू शिंपडून झालं होतं. हलगी तापत होती. कंपनीचं एक पत्र त्या सकाळीच मृण्मयीला आलं होतं: फायलींची प्रत बाळगणं करारात बसत नाही. तिने उत्तर दिलं होतं की प्रत दोन रुग्णांच्या कानामागे आहे, येऊन बघावी. आणि ग्रुपवर लिहिलं होतं की जुना नकाशा कुणाचा अडकला असेल, तर सांगलीला यावं, आणि आपलं नाम कसं लिहिलं होतं ते आठवून यावं.

तात्यांनी माइक घेतला. खरं तर त्यांना माइकची गरज नव्हती.

"मंडळी, मैदानाची सुरवात आज बुवांच्या नमनानं. पर त्याआधी एका पैलवानाची वळख करून देतो. वजन नगण्य. तालीम पुण्याची. परवा माज्या घरात यंत्राबरोबर निकाली कुस्ती झाली. तीनदा खाली गेली, पर पाट लावून दिली न्हाई. आन कुस्ती धरायच्या आधी समोरच्याला सगळे डाव सांगून मग धरली. आसा वस्ताद मी ह्या मातीत बगितल्याला न्हाई. मृण्मयी अनंत कवठेकर. ताई, आत ये."

मृण्मयी नाही म्हणेपर्यंत दोन पैलवानांनी तिला आखाड्याच्या कडेला आणलं होतं. तात्यांनी तिच्या डोक्यावर फेटा बांधला. तो मोठा झाला आणि भुवयांवर उतरला. टाळ्या वाजत राहिल्या. काकू बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या आणि शेजारणीला, ओळख नसतानाही, "माझी मुलगी," असं सांगत होत्या.

मग बुवा पुढे आले. अंगरखा, उपरणं, डोक्याला पगडी, हातात चिपळ्या. कीर्तनकाराने नव्या गावात उभं राहिलं की आधी आपल्या बापाचं आणि गुरूचं नाव सांगायचं, आपण कुणाचे ते कळू द्यायचं, मग नमनाला हात घालायचा. बुवा आजवर तेच करत आले होते. हजारो माणसांसमोर त्यांनी तोंड उघडलं. हलगी थांबली.

"मी अनंत कवठेकर," ते म्हणाले. "मृण्मयीचा बाप."

आणि त्यांनी षड्ज लावला.